सहाशे की आठशे

३ मार्च

पंपवाले आज टाकीच्या शिडीवरून घसरले. खालून तिसऱ्या पायरीवर होते म्हणून निभावलं, पण घोटा टम्म सुजलाय. दिवसातून तीनदा ते त्या शिडीने वर जातात, झाकण उचलून पाणी किती आहे ते बघतात, खाली येतात आणि मग पंप चालू किंवा बंद करतात. आमच्या बेचाळीस घरांचं पाणी गेली अठरा वर्षं असं चाललंय.

संध्याकाळी कॉलनीची सभा झाली. सेक्रेटरी म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे हो, पण शिडी चढता येत नसेल तर दुसरा बघावा लागेल." पंपवाल्यांची नोकरी दीड वर्ष राहिली आहे. ते पाय बाकावर ठेवून बसले होते. नुसती टोपी फिरवत राहिले. माझ्याच्याने बघवेना.

मी म्हटलं, "त्यांनी वर जायला नको असेल तर पाणी खाली आणा."

"म्हणजे?"

"म्हणजे पाण्याची पातळी खाली पंपाच्या खोलीत दिसायला हवी. एका छोट्या स्क्रीनवर. बटणही तिथेच. मी करते."

बोलून बसले. पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टाक्यांचे नकाशे काढलेत, तेव्हा हक्काने बोलले. सेक्रेटरींनी एकतीस तारखेपर्यंत मुदत दिली. घरी येताना हे म्हणाले, "स्क्रीन कशाशी खातात ते तरी माहीत आहे का तुला?" मी म्हटलं, "शिकेन." म्हणून ही वही काढली. आमच्या नकाशाघरात प्रत्येक कामाची वही असायची. काय केलं, काय चुकलं, सगळं त्यात. मोठ्या जाड रेघांची घेतली आहे, हल्ली बारीक रेघांच्या वह्यांची छपाई अगदीच फिकी येते.

९ मार्च

लेकीने पार्सल पाठवलं. ती लांब असते, पण हेच तिचं शिक्षण आणि हेच तिचं काम. डब्यातून निघालं ते असं: पत्त्यांच्या जोडाएवढा एक बोर्ड, म्हणजे तोच आख्खा कॉम्प्युटर, नखाएवढं मेमरी कार्ड, सात इंची टचस्क्रीन, दोन केबली (एक चित्रासाठी, एक स्पर्शासाठी), आणि टाकीत सोडायचा तरंगता सेन्सर. प्रोग्रॅम तिने लिहून पाठवलाय. टाकीचं चित्र मी काढायचं. ते तर मी झोपेतही काढीन.

हे मशीनवर कुणाचीशी पँट आखूड करत बसले होते. टेलरिंगचं दुकान मुलाकडे देऊन पाच वर्षं झाली तरी घरी काम येतच असतं. सुई ओवायची म्हणून मी उठले, तर म्हणाले, "तू कशाला उठतेस, मी ओवतो." लग्न झाल्यापासून यांच्या सुया मी ओवत आले. यांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा, लहानपणापासूनचा. आता दोन महिने झाले, स्वतःच ओवतात. म्हातारपणी माणसाला स्वावलंबन सुचतं.

१० मार्च

स्क्रीन लागली! आणि अक्षरं मुंग्यांएवढी. सगळं चित्र कुणी लांबून दाखवावं तसं, आणि वर धुकट. टाकी काड्यापेटीएवढी दिसते.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, बोर्डाला वाटतंय समोर मोठा टीव्ही आहे. तो त्या मापाचं चित्र पाठवतोय आणि स्क्रीन ते कोंबून बसवतेय. त्याला स्क्रीनचं खरं माप सांगावं लागेल. रिझोल्यूशन. आडवे किती ठिपके, उभे किती."

हे मला पटकन कळलं. मोठ्या कागदाचा नकाशा छोट्या कागदावर छापला की रेघा एकमेकींत घुसतात. स्केल चुकलं, दुसरं काय.

११ मार्च

माप स्क्रीनच्या मागे स्टिकरवर आहे. खिडकीशी नेऊन वाचलं. आडवे १०२४, उभे ८००.

लेक म्हणाली, "आठशे? सात इंचीला विचित्रच माप आहे. नक्की ना?"

"अगं, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शावर माझी पस्तीस वर्षं गेली."

"बरं बाई, मग आठशे लिही."

हे मधेच आले. चष्मा कपाळावर चढवला, स्टिकर नाकाला लावलं आणि म्हणाले, "सहाशे आहे." मी हसलेच. ज्या माणसाला समोरून येणारा सख्खा भाऊ ओळखू येत नाही, तो मला सहा आणि आठ शिकवणार! स्क्रीन हातातून काढून घेतली.

१२ मार्च

कार्ड लॅपटॉपला लावून सेटिंगच्या फाइलमध्ये माप लिहिलं. (लॅपटॉपवर मी अक्षरं मोठी करून घेते, मानेला बरं पडतं.) परत बोर्डात घातलं. काही फरक नाही. पुन्हा लिहिलं. नाही. चार वेळा केलं. पाचव्यांदा लेकीला फाइलचा फोटो पाठवला. तिने बघताक्षणी सांगितलं, "ओळीच्या आधी जाळीची खूण आहे की, हॅश! ती असली की बोर्ड ती ओळ वाचतच नाही. काढ ती." खूण मला दिसलीच नव्हती. कशी दिसणार, माशीच्या पायाएवढी!

काढली. स्क्रीन लागली आणि अक्षरं दणदणीत मोठी! टाळ्या वाजवल्या एकटीनेच. मग लक्षात आलं, चित्राचा खालचा भाग स्क्रीनच्या बाहेर जातोय. टाकीचं बूड दिसत नाही. अक्षरांच्या कडाही अजून मऊ मऊ. स्वस्तातली स्क्रीन म्हणायची.

१५ मार्च

खालचा भाग कापला जातो त्यावर तोड काढली. सगळं चित्र वर सरकवलं आणि जरा लहान केलं. आता डावीकडे टाकी, वर मधोमध पातळीचा आकडा, उजवीकडे दोन बटणं, वर "चालू", खाली "बंद". आता सगळं मावतंय. कागद आखूड पडला तर नकाशा वर घ्यावा, रडत बसू नये.

बटणं कधी लागतात, कधी नाही. "बंद" तर फारच रुसकं. इकडे तिकडे बोट फिरवलं की एकदाचं लागतं. माझी बोटं कोरडी पडतात, त्याने होत असेल.

यांनी आज आपल्या दाराच्या पायरीला पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा मारला. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "रंग उरला होता." उरलेला रंग कुठून आला, घरात तर कुणी काही रंगवलं नाही. रिकामा न्हावी, दुसरं काय. चादरीही पिवळट पडल्या आहेत म्हणून दोन दोनदा धुते आहे, तर म्हणतात, "पांढऱ्या आहेत गं, राहू दे."

२१ मार्च

इलेक्ट्रिशियन येऊन सेन्सर टाकीत सोडून गेला, पंपाची जोडणी केली. स्क्रीन पंपाच्या खोलीत भिंतीवर बसवली. पंपवाले काठी टेकत आले. पातळीचा आकडा हलताना बघून म्हणाले, "ताई, हे तर घरात बसून विहिरीत डोकावल्यासारखं झालं!" अठरा वर्षांत त्यांना इतकं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. त्यांच्या खोलीत एक खुर्ची आहे, तिच्यावर कुणालाच बसू देत नाहीत. मला बसवलं. फार बरं वाटलं.

२३ मार्च

फजिती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सेक्रेटरी आणि चार-पाच जण बघायला आले. टाकी जवळजवळ भरत आली होती. पंपवाल्यांनी "चालू" दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, लागलं. पंप घुमायला लागला, आकडा चढायला लागला, सगळे "वा वा" म्हणाले. मग मी ऐटीत म्हटलं, "आता बंद करा."

त्यांनी "बंद" दाबलं. पंप चालू. पुन्हा दाबलं. चालूच. मी दाबलं. सेक्रेटरींनी दाबलं. शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दोन बोटांनी दाबलं. टाकी भरून वाहायला लागली आणि वरून जो धो धो लोट आला तो थेट दाराबाहेर धावलेल्या सेक्रेटरींच्या नव्या बुटांत. शेवटी पंपवाल्यांनी लंगडत लंगडत जाऊन मेन स्विच पाडला.

सेक्रेटरींनी बूट काढून पाणी ओतलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, एकतीस तारीख." ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर यांनी गरम पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "एकदा ते सहाशे करून बघ ना. नाही जमलं तर परत आठशे कर."

माझं डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, "तुम्हाला काय दिसतं? जन्मभर मी तुमच्या सुया ओवल्या!"

ते उठले. मशीनवर जाऊन बसले. पण मशीन चालल्याचा आवाज आला नाही.

२४ मार्च

लेकीशी तासभर बोलले. तिने स्पर्शाची केबल बदलून बघायला सांगितली, बदलली. प्रोग्रॅम पुन्हा पाठवला, घातला. तेच. ती म्हणाली, "स्क्रीनच खराब आली असेल, दुसरी मागवते, पण आठ दिवस लागतील." आठ दिवसांनी एकतीस उलटून जाईल.

हे माझ्याशी बोलतात, पण कामापुरतंच. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं, तरी मुकाट जेवले.

२६ मार्च

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

सकाळी पंपवाल्यांचा निरोप आला, जरा येऊन जा. गेले. त्यांनी पंपाचा मेन स्विच पाडून ठेवला होता आणि कालचा सगळा दिवस खुर्चीत बसून स्क्रीनवर बोटाने चाचपडत काढला होता. म्हणाले, "ताई, हिला आपण समजतो तसं कळत नाही. हिच्या कलाने घेतलं तर ऐकते. 'बंद'वर बोट ठेवू नका, त्याच्या वर ठेवा. दोन बटणांच्या मधे. बघा."

दाबलं. स्क्रीनवरचा पंपाचा दिवा विझला. पुन्हा दाबलं. पुन्हा. दर वेळी बिनचूक.

"आणि 'चालू'साठी पण थोडं वर. मी खुणा करून ठेवल्यात." त्यांनी कॅलेंडरच्या कागदाचे दोन गोल कापून स्क्रीनवर चिकटवले होते. "मी अशीच वापरीन. कशाला नवी मागवता? माणसाची पण सवय करून घ्यावीच लागते की."

त्या दोन चकत्यांकडे बघत मी उभी राहिले. आमच्या नकाशाघरात चूक सापडली की मोठे साहेब एकच विचारायचे: सरकलंय की ताणलंय? सरकलेलं असेल तर सगळीकडे सारखं चुकतं. ताणलेलं असेल तर जसजसं पुढे जाल तसतसं जास्त चुकतं.

घरी जाऊन डिव्हायडर आणि पोलादी पट्टी आणली. माझी जुनी पट्टी, रेघा कोरलेल्या. डोळे मिटूनसुद्धा नखाने वाचता येते.

स्क्रीनच्या वरच्या कडेपासून "चालू"चा मध्य: ४० मिलिमीटर. पंपवाल्यांची चकती: ३०.
"बंद"चा मध्य: ७२. चकती: ५४.

एकीकडे दहाचा फरक, दुसरीकडे अठराचा. म्हणजे सरकलेलं नाही, ताणलेलं आहे. तिसाला चाळीस. चोपन्नाला बहात्तर. तीनाला चार, दोन्हीकडे तीनाला चार. बोट तीनवर ठेवलं की बोर्डाला वाटतं चारवर ठेवलं. चित्राचा खालचा चौथा हिस्सा बाहेर जात होता, तोही यानेच. सहाशेची स्क्रीन आहे आणि बोर्डाला कुणीतरी आठशे सांगितलंय.

कुणीतरी म्हणजे मी.

पण स्टिकरवर तर आठशेच आहे! स्क्रीन भिंतीवरून काढली, दारात उन्हात धरली. आठ. डोळे किलकिले केले. आठ. गणित म्हणतंय सहा आणि माझे डोळे म्हणतायत आठ. दोघांतलं एक खोटं बोलतंय, आणि पट्टी तर खोटं बोलत नाही.

पंपवाल्यांना विचारलं, "हा आकडा काय आहे हो?"

"सहाशे की." मग माझ्याकडे बघून जरा हळू म्हणाले, "छपाई खराब आहे ताई."

छपाई चांगली होती. मला माहीत होतं, आणि त्यांनाही.

मग मी त्यांच्या खुर्चीत बसले. एक डोळा हाताने झाकला आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग दुसरा झाकला. उजव्याने नुसता दुधाचा पडदा. दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणून नवे दिवे वाईट, वहीची छपाई वाईट, चादरी पिवळ्या, स्क्रीन स्वस्तातली. वर्षभर मी सगळ्या जगाला नावं ठेवत होते. नाचता येईना, अंगण वाकडं!

२६ मार्च, जेवणानंतर

फाइल दुरुस्त केली. आठाचा सहा. एक आकडा. चित्र परत पहिल्या मापाचं केलं. चालू केली आणि टाकी बुडासकट सबंध दिसली, बटणं आपापल्या जागी. चकत्या काढल्या. दहा वेळा "चालू", दहा वेळा "बंद". एकदाही चुकलं नाही. पंपवाले म्हणाले, "आता शहाण्यासारखी वागते."

घरी आले. हे मशीनवर होते. स्टूल ओढून शेजारी बसले आणि म्हटलं, "सहाशेच होते."

"हं."

"मला आठ दिसतात. अजूनही."

त्यांनी मशीन थांबवलं. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तू सुईत दोरा घालताना तीनदा तो सुईच्या बाहेरून नेलास ना, तेव्हापासून. म्हणून मीच ओवायला लागलो. मला चष्मा काढला की नाकाजवळचं सगळं लख्ख दिसतं. तुला हौस होती म्हणून इतकी वर्षं ओवू दिलं."

म्हणजे चाळीस वर्षं मी कुणासाठी सुया ओवत होते?

"आणि पायरीचा पट्टा?"

"तू दोनदा ठेचकाळलीस."

"मग सांगायचं नाही का माणसाने!"

"सांगितलं तर होतं, सहाशे म्हणून," हे म्हणाले. "तू काय म्हणालीस ते आठवतंय का?"

आठवत होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." त्यांना इतकं नवल वाटलं की हातातली कात्री खाली पडली. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ..." आणि स्वतःच हसायला लागले. मलाही हसू फुटलं. हसता हसता मी थोडी रडलेही, पण ते लिहायचं कारण नाही.

२८ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकत आलेला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पटापट बोलतात. "इतके दिवस काय करत होतात?" "स्क्रीन दुरुस्त करत होते," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. उजव्याचं ऑपरेशन बारा एप्रिलला, डाव्याचं नंतर.

मला भीती वाटते आहे. इथे लिहायला हरकत नाही. डोळ्यावरच माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. ऑफिसात सगळे मला पट्टीबाई म्हणायचे, ते काय माझ्या स्वभावासाठी नाही. (थोडं स्वभावासाठीही.)

३१ मार्च

सेक्रेटरी आले. या वेळी जुने बूट घालून. पंपवाल्यांनी खुर्चीत बसूनच "चालू" केलं, आकडा दोन मीटर दहावर गेला, "बंद" दाबलं, पंप थांबला. सेक्रेटरींनी स्वतः पाच वेळा करून पाहिलं. मग विचारलं, "मागच्या वेळी काय बिघडलं होतं?"

मी सांगणार होते, तेवढ्यात पंपवाले म्हणाले, "माप चुकीचं पडलं होतं साहेब. होतं असं." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "माप मी चुकीचं वाचलं. मला मोतीबिंदू आहे. बारा तारखेला ऑपरेशन."

सेक्रेटरी गडबडले. मग म्हणाले, "माझ्या आईलाही होता." आणि वहीत लिहून टाकलं: पंपवाले नोकरीवर कायम, शिडी चढण्याची अट काढली. मला वाचून दाखवलं. पंपवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा घातली. बराच वेळ त्यांना खोकलाच येत होता.

१४ एप्रिल

हे लिहितायत, मी सांगते आहे. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. दुखलं नाही. काल पट्टी काढली. "पट्टीबाईंची पट्टी निघाली" हा विनोद यांनी डॉक्टरीणबाईंना, नर्सला आणि खाली औषधांच्या दुकानदाराला असा तीन ठिकाणी केला. (हे लिहायला नको असं हे म्हणतायत. लिहा म्हटलं.)

पांढरा रंग इतका पांढरा असतो हे मी विसरूनच गेले होते. चादरी पांढऱ्या आहेत. घरात मात्र कोपऱ्याकोपऱ्यात कोळिष्टकं आहेत आणि या माणसाने वर्षभर ती मला सांगितली नाहीत. माळ्यावर तर... (पुढचं लिहिणार नाही. तू बरी हो आणि स्वतः लिही.)

२२ एप्रिल

आज पहिल्यांदा पंपाच्या खोलीत जाऊन माझी स्क्रीन बघितली. बघून कानाला हात लावला. पाण्याला मी छान आकाशी रंग दिला आहे असं समजत होते, तो चक्क जांभळा आहे. टाकीच्या रेघा दोरखंडाएवढ्या जाड. "चालू"ची अक्षरं चौकटीला चिकटली आहेत. नवशिक्याने काढल्यासारखं चित्र, आणि खाली कोपऱ्यात माझं नाव!

पंपवाल्यांना म्हटलं, "इतकं भयंकर दिसतंय, बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्या ऑफिसात पाणी असंच काढतात."

दुपारी बसून सगळं नव्याने काढलं. रेघ एका ठिपक्याची. अक्षरांना श्वास घ्यायला जागा. पाणी पाण्यासारखं. एका डोळ्यानेसुद्धा कडा अशा धारदार दिसतात की हात लावला तर कापेल. लेकीला फोटो पाठवला. तिने उत्तर पाठवलं, "आता कळलं तू कोण होतीस ते." मी लिहिलं, "होतीस नाही, आहेस."

२९ मे

डाव्या डोळ्याचंही होऊन गेलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, शिडी चढू का? त्यांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, सेन्सर बरोबर सांगतोय की नाही ते तपासायचं आहे. वरचं खरं पाणी आणि खालचा आकडा जुळवून बघितल्याशिवाय काम पुरं होत नाही. त्या म्हणाल्या, "अजून पंधरा दिवस थांबा. आणि कुणीतरी शिडी धरा."

१५ जून

सकाळी गेलो. पंपवाल्यांनी शिडी धरली, त्यांचा घोटा आता ठीक आहे. हे पंपाच्या खोलीत स्क्रीनसमोर, चष्मा कपाळावर, नाक काचेला. दोघांनीही "नको चढूस", "नका चढू ताई" करून बघितलं. मापाची काठी पाठीला बांधून मी चढले. सतरा पायऱ्या. गुडघे कुरकुरले, पण पायरी अन् पायरी दिसत होती.

झाकण उचललं.

पस्तीस वर्षं मी टाक्या काढल्या. शेकडो. पाण्याची खूण म्हणजे उलटा त्रिकोण आणि त्याखाली तीन आखूड रेघा. पण भरलेल्या टाकीत मी कधी डोकावले नव्हते. नकाशा काढणारे ऑफिसात बसायचे, वर चढणारे वेगळे. पाणी काळं असेल असं वाटलं होतं. ते काचेसारखं होतं. तळाचे सिमेंटचे जोड दिसत होते, कोपऱ्यातला गोल बुडाचा पाइप दिसत होता, आणि माझा चेहरा हलत होता.

काठी सोडली. खाली ओरडले, "किती आहे?"

"एक बेचाळीस!"

काठीवर एक पंचेचाळीस होतं. तीन सेंटीमीटरचा फरक! माझे डोळे नवे, तेव्हा स्क्रीन चुकते असं म्हणणार होते. तोंडावर आलंही होतं. पंपवाले खालून म्हणाले, "ताई, पंप चालू आहे. पाणी हलतंय. जरा थिरावू द्या."

यांनी पंप बंद केला. मी टाकीच्या कठड्यावर बसून वाट पाहिली. खाली आमची बेचाळीस घरं होती. कुणाच्या दोरीवर कपडे वाळत होते, तर मला चिमटे मोजता येत होते. नर्सबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. सेक्रेटरी गच्चीवर एका पायावर उभे राहून व्यायाम करत होते, आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीत. पंपाच्या खोलीच्या दारातून हे बाहेर आले आणि भलत्याच दिशेला बघून हात हलवला. मीही हलवला.

दहा मिनिटांनी पाणी निश्चल झालं. काठी पुन्हा सोडली, सरळ, डिव्हायडर धरावा तशी.

"आता किती?"

हे आत पळाले. "एक त्रेचाळीस!"

काठीवर एक त्रेचाळीस. बरोब्बर रेघेवर.

"जुळलं!" मी ओरडले. खालून टाळ्या वाजल्या, चार हातांच्या. काठी वर ओढून घेतली, पुसली. पंपवाले म्हणाले, "या आता खाली, सांभाळून."

मी म्हटलं, "शिडी धरून ठेवा. अजून पाच मिनिटं बसते."